'७२२' चा टी-शर्ट: कापड कोणते, शाई कोणती आणि चित्र कशाचे?

जुनी चाके:
नमस्कार. आम्ही पुण्यातील वीस-पंचवीस जुन्या मोटारींचे शौकीन दर वर्षी एकसारखे टी-शर्ट छापून घेतो. गेल्या वर्षीच्या छपाईला चार धुण्यांतच भेगा पडल्या आणि कापडावर गोळे आले, म्हणून यंदा टिकाऊ आणि पर्यावरणाला कमीत कमी जाच करणारे टी-शर्ट घ्यायचे ठरले आहे. विषय पक्का आहे: १ मे १९५५ रोजी चालक स्टर्लिंग मॉस आणि त्याला वाट सांगणारा सोबती डेनिस जेंकिन्सन यांनी ७२२ क्रमांकाच्या मर्सिडीज ३०० एसएलआर मोटारीतून जिंकलेली इटलीतील 'मिल्ले मिल्या' शर्यत. एका विक्रेत्याने काळ्या कापडावर चंदेरी मोटार आणि खाली कंपनीचा तारा असा नमुना पाठवला असून तो त्याला 'इको-फ्रेंडली' म्हणतो. या शब्दावर कितपत विसंबावे?

सुताडा:
त्या शब्दावर मुळीच विसंबू नये, कारण तो कोणालाही छापता येतो. 'जीओटीएस' या सेंद्रिय कापडाच्या जागतिक मानकाचे चिन्ह आहे का ते पाहा आणि असल्यास त्यासोबतचा परवाना क्रमांक पडताळून घ्या. त्या मानकानुसार 'सेंद्रिय' म्हणवून घेण्यासाठी किमान ९५ टक्के धागा प्रमाणित सेंद्रिय असावा लागतो आणि पुढील रंगाई, सांडपाणी व कामगारांची स्थिती यांचीही तपासणी होते. 'ओको-टेक्स स्टँडर्ड १००' हे दुसरे प्रमाणपत्र म्हणजे वेगळे प्रकरण आहे. तयार कापडात अपायकारक द्रव्ये मर्यादेबाहेर नाहीत एवढेच ते सांगते, कापूस सेंद्रिय असल्याची ग्वाही देत नाही.

मात्र माझ्या मते तुमच्या नमुन्यातील खरी अडचण काळा रंग ही आहे. होजिअरीच्या धंद्यात रंगाईचे पाणी काय करते ते तमिळनाडूतील तिरुपूरने पाहिले आहे. नोय्यल नदीच्या प्रदूषणावरून २०११ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने तेथील रंगाई कारखाने बंद करण्याचा आदेश दिला होता. शिवाय गडद कापडावर पाण्यावर आधारित साधी शाई उठून दिसत नाही, म्हणून छपाईवाले बहुधा प्लास्टिसोल वापरतात. ती सामान्यतः पीव्हीसीची शाई असते, कापडावर थर धरून बसते आणि नीट भाजली गेली नाही तर तुम्ही सांगता तशाच भेगा पडतात. त्यापेक्षा न रंगवलेले, नैसर्गिक पिवळसर छटेचे १८० जीएसएमचे (म्हणजे दर चौरस मीटरला १८० ग्रॅम वजनाचे) सुती कापड घ्या आणि त्यावर पाण्यावर आधारित शाईने स्क्रीन छपाई करून घ्या.

मागच्या बाकावरून:
न रंगवलेले कापड इतिहासालाही धरूनच होईल. मोटार चंदेरी होती आणि तिच्यावरील ७२२ हा आकडा लाल होता. प्रत्येक रंगाला एक स्क्रीन लागते, म्हणजे राखाडी व लाल अशा दोनच स्क्रीनमध्ये काम भागते. ब्रेशियाहून प्रत्येक मोटार ज्या वेळी सुटे तोच तिचा क्रमांक असे, म्हणून ७२२ म्हणजे सकाळी ७ वाजून २२ मिनिटे. रोमला जाऊन परत ब्रेशियाला येण्याचा सुमारे १६०० किलोमीटरचा पल्ला त्यांनी १० तास ७ मिनिटे ४८ सेकंदांत गाठला. त्याच बनावटीच्या मोटारीत एकटाच बसलेला अर्जेंटिनाचा चालक फांजिओ दुसरा आला, तोही अर्ध्या तासाहून अधिक मागे.

हे अंतर केवळ मॉसच्या हाताचे नव्हते. दाढीवाल्या जेंकिन्सनने आधी रस्ता पाहून वळणे, चढ आणि रेल्वे फाटके एका लांबलचक कागदी पट्टीवर नोंदवली होती आणि ती पट्टी डबीतील गुंडाळ्यांवर चढवली होती. शर्यतीत तो ती हाताने फिरवत राहिला आणि इंजिनाच्या आवाजात बोलणे अशक्य असल्यामुळे मॉसला हातवाऱ्यांनी खुणा करत राहिला. मी तर मोटारीऐवजी ती डबीच छापीन. कंपनीचा तारा आणि शर्यतीचे बोधचिन्ह मात्र परवानगीशिवाय वापरू नका.

तिठा:
एक हरकत नोंदवतो. या विजयाला सहा आठवडे होण्याआधीच फ्रान्समधील ल मान्स येथील शर्यतीत लव्हेघ हा चालक चालवत असलेली ३०० एसएलआर उडून प्रेक्षकांवर कोसळली आणि ८० हून अधिक माणसे मेली. १९५७ मध्ये खुद्द मिल्ले मिल्यात एक फेरारी प्रेक्षकांत घुसून नऊ जण ठार झाले, त्यांत पाच मुले होती, आणि त्यानंतर वेगाची शर्यत म्हणून ती बंदच पडली. म्हणून 'ताशी १५७ किलोमीटर' असा सरासरी वेग छातीवर मिरवू नये, असे मला वाटते. पट्टी आणि आकडा चालेल.

जुनी चाके:
हरकत मान्य आहे; वेग काढून टाकतो. समोर लाल ७२२ आणि पाठीवर राखाडी रेषांत ती डबी, असे आज सर्वांनी ठरवले. छपाईवाल्याला प्रथम एकच टी-शर्ट करायला सांगितले आहे; तो दहा वेळा धुऊन पाहिल्यावरच उरलेले छापून घेऊ.