प्रोप्रॅनोलॉल आणि रक्तातील पोटॅशियम: स्नायूंचा संबंध कसा?

प्रश्न
माझे वडील ६८ वर्षांचे आहेत. रक्तदाबासाठी ते टेल्मिसार्टन घेतात आणि हात थरथरतात म्हणून प्रोप्रॅनोलॉलही घेतात. गेल्या महिन्यात त्यांचे पोटॅशियम ५.४, म्हणजे थोडे जास्त, आले. त्या दिवशी ते तीन मजले जिने चढून प्रयोगशाळेत गेले होते. प्रोप्रॅनोलॉलमुळे स्नायू पोटॅशियम नीट ओढून घेत नाहीत, असे डॉक्टर म्हणाले. हृदयाचे ठोके कमी करणाऱ्या गोळीचा स्नायूंशी काय संबंध, हे कृपया कुणी समजावून सांगावे.

उत्तर १
शरीरातील सुमारे ९८ टक्के पोटॅशियम पेशींच्या आत असते आणि त्यातील बहुतांश स्नायूंमध्ये, त्यामुळे स्नायूंनी थोडेसे जरी बाहेर सोडले तरी रक्तातील आकडा लगेच हलतो. श्रम करताना आकुंचन पावणाऱ्या स्नायूंतून पोटॅशियम बाहेर पडते. त्याच वेळी रक्तात वाढलेले अ‍ॅड्रेनलिन स्नायूंवरील बीटा-२ रिसेप्टरना (संदेश स्वीकारणाऱ्या जागांना) चेतवते, पेशीपटलातील सोडियम-पोटॅशियम पंपाचा वेग वाढतो आणि पोटॅशियम पुन्हा आत खेचले जाते. १९८३ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात निरोगी व्यक्तींना शिरेतून अ‍ॅड्रेनलिन दिल्यावर पोटॅशियम सुमारे ०.८ ने उतरले होते, पण बीटा-२ अडवणारे औषध आधी दिले असता ही घट झाली नाही. प्रोप्रॅनोलॉल बीटा-१ आणि बीटा-२ दोन्ही अडवते. अ‍ॅटेनोलॉल किंवा मेटोप्रोलॉल मुख्यतः हृदयावरील बीटा-१ वर काम करतात, म्हणून स्नायूंवर त्यांचा परिणाम कमी होतो.

उत्तर २
वरील स्पष्टीकरण बरोबर आहे, परंतु सगळा दोष स्नायूंवर टाकू नये, असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते. स्नायू पोटॅशियम फक्त साठवतात, शरीराबाहेर ते मुख्यतः मूत्रपिंडच टाकते. टेल्मिसार्टनमुळे अल्डोस्टेरॉन, म्हणजे मूत्रपिंडाला पोटॅशियम बाहेर टाकायला लावणारे संप्रेरक, कमी होते. बीटा-१ अडवल्याने अल्डोस्टेरॉन वाढवणारे रेनिन घटते, त्यामुळेही तेच घडते. शिवाय रक्त घेताना मूठ वारंवार आवळली तरी आकडा खोटा वाढतो. थोडा वेळ शांत बसून, मूठ न आवळता नमुना पुन्हा द्यावा आणि सोबत मूत्रपिंडाचे काम दाखवणारे क्रिअ‍ॅटिनिनही पाहावे. मात्र प्रोप्रॅनोलॉल स्वतःहून अचानक बंद करू नये, त्याने रक्तदाब उसळू शकतो आणि हृदयरोग असल्यास छातीत कळ येऊ शकते.

प्रश्नकर्ता
दोघांचेही मनापासून आभार. मूठ आवळायला सांगितले होते, हे वडिलांना आठवते. क्रिअ‍ॅटिनिन १.५ आले होते आणि त्याकडे आमचे लक्षच गेले नव्हते. दोन्ही गोष्टी उद्याच डॉक्टरांच्या कानावर घालतो.