मदत हवी आहे: ‘ओली असताना निसरडी’ या नोटॅमवर डिस्पॅच कसं करायचं?

मंडळी, कोकण किनाऱ्यावरच्या एका विमानतळासाठी जेटचे फ्लाइट प्लॅन करतो, म्हणजे उड्डाणाआधीचा वजन-इंधनाचा हिशेब (डिस्पॅच) माझ्याकडे. तिथला चालू नोटॅम (वैमानिकांसाठीची अधिकृत सूचना) एवढंच म्हणतो, की धावपट्टी ओली असताना निसरडी असू शकते. किती लांबीवर, धावपट्टीच्या तीन भागांपैकी कुठल्या भागात, घर्षण मोजलं का, काही नाही. आणि जुलैत इथे धावपट्टी कोरडी असते कधी!

टॉवरला फोन केला, तर ‘वेट, 5/5/5’, म्हणजे ओली, नि तिन्ही भागांना स्थितीचा कोड 5 (कोड जितका कमी, तितकी पकड कमी). नुसत्या ओल्या धावपट्टीला, म्हणजे पाणी 3 मिमीपर्यंत असेल तर, 5 बरोबर. पण निसरडी ओली म्हटली की 2021च्या जीआरएफप्रमाणे (धावपट्टीची स्थिती कळवायची जागतिक पद्धत) कोड 3 येतो. नोटॅम एक सांगतो, रिपोर्ट दुसरंच. त्यात पावसाची सर तासाभरात येते नि जाते, त्यामुळे निघतानाचा रिपोर्ट उतरताना शिळाच. आधी उतरलेल्या एका पायलटने ब्रेकिंग ‘मीडियम’ सांगितलं होतं, तेही 3च्याच जवळ जातं.

आमच्या मॅन्युअलमध्ये ओल्यासाठी कोरड्या धावपट्टीवर उतरायला लागणाऱ्या आवश्यक अंतरावर 15 टक्के वाढ आहे, निसरड्या ओल्याचा उल्लेखच नाही. 3 धरून काढलं तर लँडिंग वजन कमी करावं लागतं, म्हणजे प्रवासी किंवा सामान उतरवा. कमांडर (विमानाचा मुख्य वैमानिक) जास्तीचं इंधन मागतो, ते वेगळंच. ‘कंपनीला विचार’ सांगू नका, विचारलंय. उत्तर ‘कमांडरवर सोडा’.

एअरोड्रोम ऑपरेटरकडून बाधित भाग लेखी मागवायचा रीतसर मार्ग कोणता? आणि तो मिळेपर्यंत तुम्ही डिस्पॅचला पूर्ण लांबीसाठी 3 धरता, की टॉवरचा 5?