डॉपलरमध्ये आवाज आला, मग ०.७ म्हणजे काय?

प्रश्न: बाबांच्या पोटऱ्या चालताना भरून येतात, थांबलं की बरं वाटतं. काल घोट्याशी जेल लावून पेनासारखा प्रोब टेकवला. 'हूश-हूश' ऐकून मला हायसं वाटलं. पण रिपोर्टवर ०.७ लिहिलंय. रक्त पोहोचतंय ना?

उत्तर: पोहोचतंय, पण कमी दाबाने. मी रोज हेच डॉपलर मशीन हाताळते. प्रोब अल्ट्रासाउंड सोडतो, धावत्या रक्तपेशींवरून परतताना त्याची वारंवारता बदलते, तोच फरक कानावर येतो. निरोगी पायात प्रत्येक ठोक्याला दोन-तीन तुकड्यांचा आवाज येतो; धमनी अरुंद असेल तर पुढे एकच लांबट, मवाळ सूर. ०.७ म्हणजे घोट्याचा रक्तदाब भागिले दंडाचा. ०.९ किंवा त्याखाली आला की धमनीत अडथळा धरतात. मधुमेह आहे का?

प्रश्नकर्ता: हो, १५ वर्षं.

उत्तर: मग पायाच्या अंगठ्याचा दाबही मोजून घ्या. कॅल्शियम साचलेली धमनी दाब मोजायच्या पट्ट्याने दबत नाही, त्यामुळे आकडा फसवा, जास्त येतो. म्हणजे खरी स्थिती ०.७ पेक्षा वाईट असू शकते. पावलं रोज बघा, जखम दिसली तर त्याच दिवशी दाखवा.

दुसरं उत्तर: कलर डॉपलरही (रक्तप्रवाह रंगात दाखवणारी सोनोग्राफी) करा. अडथळा नेमका कुठे, ते त्यात दिसतं.