गुडघेदुखी, संधिवात: तुम्हाला कशानं उतार पडला?

आईचे गुडघे दुखतायत. कुणी म्हणतं तेल लाव, कुणी म्हणतं चालणंच बंद कर. बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या ज्यांनी हे सोसलंय त्यांनी लिहा, गुण आला नसेल तरीही लिहा.

येळ्ळूर
माझं वय ६१, जन्म भातलावणीत गेला. गुडघ्याची झीज आहे. व्यायामाचा कागद मिळाला तो कानडीत, मला वाचता येईना. मग फिजिओच्या बाईंनी करूनच दाखवलं: गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी, ती खाली दाबायची, मांडी आवळायची, पाच आकडे मोजून सोडायची. पंधरा दिवस काहीच फरक नाही. दीड महिन्यानं बसची पायरी दांडा न ओढता चढले. दुखतो उजवा गुडघा, म्हणून काठी डाव्या हातात. मी इतके दिवस उलटी धरत होते! वजनही उतरवतेय, एक किलो घटला की पावलागणिक गुडघ्यावरचा चारेक किलो भार कमी होतो म्हणे.

निपाणी
सासूबाई बिड्या वळायच्या. सकाळी तास-दीड तास बोटं मिटायची नाहीत, दोन्ही हातांची. सगळे म्हणाले, कामानं झालंय. रक्त तपासल्यावर आमवात निघाला, म्हणजे झीज नाही, सांधे सुजवणारा आजार. मेथोट्रेक्सेट सुरू झालं, गुण यायला दोन महिने लागले. ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. त्या रोज घ्यायला निघाल्या होत्या, वेळीच लक्षात आलं. रोज घेतली तर जिवावर बेतते. आता कॅलेंडरवर दर रविवारी लाल गोल करते, आणि रक्ततपासणी चुकवत नाही.

शहापूर
मागावर बसणारा माणूस मी. एका ठिकाणची औषधाची पुडी घेतली, दोन दिवसांत पळायला लागलो. चार महिन्यांत तोंड सुजलं, साखर वाढली. डॉक्टर म्हणाले, पुडीत स्टेरॉइड असणार. तेही एकदम थांबवता येत नाही, हळूहळू सोडवलं. नाव नसलेली पुडी घेऊ नका, हात जोडून सांगतो.

खानापूर
बाबांचा गुडघा बदलला. दुसऱ्या दिवशी वॉकर धरून उभे केले. खरी परीक्षा पुढे, गुडघा वाकवण्याच्या व्यायामाची. त्या सहा आठवड्यांत बाबा रडले. आज गणपतीच्या देवळापर्यंत चालत जातात. मांडी घालता येत नाही, पंगतीत खुर्ची लागते.

निपाणीच्या ताई, तुमचं वाचून आईला विचारलं, सकाळी किती वेळ आखडतं? म्हणाली, चहा उकळेपर्यंत. म्हणजे तुमच्या सासूबाईंसारखं तास-दीड तास नाही. रात्री टॉवेलची गुंडाळी करून दिली. पाच मोजताना तिनं माझा हात धरला होता.