सोरायसिसच्या औषधानेच सोरायसिस?
आतड्याच्या आजारासाठी इन्फ्लिक्सिमॅब सुरू केल्यावर तळहातांवर खवल्यांचे चट्टे आले, पण हे तर सोरायसिसवरचंच औषध, मग असं कसं, असं तुम्ही विचारलंय. होतं असं. हे औषध टीएनएफ हे शरीरातलं सूज वाढवणारं प्रथिन अडवतं, आणि ते अडवलं की काही जणांत इंटरफेरॉन-अल्फा या दुसऱ्या, रोगप्रतिकारशक्तीला चेतवणाऱ्या प्रथिनावरचा लगाम सुटतो आणि त्वचा पेटते. माझ्या बहिणीला क्रोन्ससाठी (आतड्याला सूज आणणारा आजार) अडॅलिमुमॅब हे टीएनएफ अडवणारंच औषध चालू होतं. कानामागे खपल्या, सकाळी उशीवर पांढरा भुगा. आम्ही महिनाभर कोंडाच समजत राहिलो! पुष्कळांचं स्टेरॉइड मलमावर भागतं, तिला मात्र उस्टेकिनुमॅब या टीएनएफ न अडवणाऱ्या, वेगळ्या औषधावर जावं लागलं. कृपा करून डोस स्वतःहून थांबवू नका, आतडं पुन्हा भडकू शकतं. आजच चट्ट्यांचे फोटो काढा आणि पोटाच्या व त्वचेच्या, दोन्ही डॉक्टरांना दाखवा.