चावीचं चांदीचं घड्याळ: राणीचा छाप नाही, मग नकली का?

निळीशाई

आत्याने तिच्याकडचं खिशातलं घड्याळ मला दिलंय. पांढरी एनॅमलची तबकडी, रोमन आकडे, सहाच्या जागी सेकंदाची छोटी तबकडी. वर फक्त कडी आहे, फिरवायचं बटण नाही. मागचं झाकण उघडलं की आत चांदीचाच दुसरा पत्रा आणि त्यात चावीसाठी एक भोक. यंत्र दिसतच नाही.

झाकणाच्या आत चालणारा सिंह, बिबट्याचं तोंड (मुकुट नाही) आणि गॉथिक वळणाचा मोठा एम असे छाप आहेत. शिवाय दोन आद्याक्षरं आणि एक नंबर. व्हिक्टोरिया राणीच्या काळच्या इंग्लिश चांदीवर तिच्या मस्तकाचा छाप असतो असं वाचलं होतं. इथे तो नाही. नकली समजायचं का?

आणखी एक. मूळ चावी हरवली आहे. काल टेबलावरच्या घड्याळाची चावी लावून पाहिली, ती सटकली. तेव्हापासून हात लावलेला नाही.

कमान

नकली मुळीच म्हणू नका. मस्तकाचा छाप म्हणजे कर भरल्याची खूण. चांदीच्या भांड्यांवर तो १७८४ ते १८९० पर्यंत दिसतो, पण घड्याळांच्या केसवरचा (म्हणजे बाहेरच्या कवचावरचा) कर १७९८ मध्येच उठवला. तुमच्या केसवर मस्तक असतं तर मलाच शंका आली असती.

बिबट्या लंडनचा, सिंह स्टर्लिंग (९२.५ टक्के शुद्ध) चांदीचा. १८२१ नंतर लंडनच्या बिबट्याचा मुकुट गेला, म्हणजे तेही जुळतंय. अक्षर वर्ष सांगतं: लंडनची गॉथिक मोठी अक्षरं १८३६ ते १८५५ ची, त्यात एम येतो १८४७ ला. अक्षर मे महिन्यात बदलायचं, म्हणून १८४७-४८ धरा. फक्त अक्षराचं वळण आणि भोवतीच्या चौकटीचा आकार भिंगाखाली नीट पाहा. वर्षाच्या अक्षरांच्या प्रत्येक फेरीत एम येतो, वळण बदलतं.

पण हे वय केसचं झालं, यंत्राचं नाही. चांदीच्या लोभाने केस वितळवल्या गेल्या आणि उघडी पडलेली यंत्रं दुसऱ्या केसमध्ये गेली, असं पुष्कळ झालंय. म्हणून यंत्र पाहायलाच हवं, आणि ते मागून नाही, पुढून उघडतं. काचेची कडा नखाने उचला. सहाच्या आकड्याखाली, तबकडीच्या काठाला बारीकशी स्प्रिंगची जीभ असेल. ती नखाने आत दाबली की अख्खं यंत्र बाराच्या बाजूच्या बिजागरीवर दारासारखं बाहेर येतं. घाई करू नका, काटे सांभाळा. मागे पितळेचं टोपण असेल तर त्यावरची निळ्या पोलादाची चंद्रकोर सरकवा, टोपण निघेल.

आता चावीबद्दल कळकळीने सांगते. माझ्या पहिल्या घड्याळाच्या यंत्रातली साखळी मी माझ्याच हाताने तोडली. तेल वाळून डिंक झालेलं होतं, मी जोर लावला, आणि आत ‘टक्’ झालं. सायकलच्या साखळीसारखीच, पण घोड्याच्या केसाइतकी बारीक वाटणारी ती साखळी हातात दोन तुकडे होऊन आली. तो आवाज अजून आठवतो. साफसफाई आणि नवं तेल होईपर्यंत चावी देऊ नका.

शांतलंबक

चावीचं माप घ्यायचं तर चावी जिच्यावर बसते त्या चौकोनी खुंटीच्या समोरासमोरच्या सपाट बाजूंमधलं अंतर कॅलिपरने मोजा. अनेक तोंडांची चांदणीसारखी चावी माप शोधायला बरी, पण रोजच्या वापराला एकच, घट्ट बसणारी घ्या. सैल चावी खुंटीचे कोपरे खाते, आणि गोल झालेली खुंटी नीट करणं हे मोठं काम आहे.

आतल्या पत्र्याला एकच भोक असेल तर काटे पुढून, मधल्या चौकोनावर त्याच चावीने फिरवायचे. दोन भोकं आणि फ्रेंच मजकूर असता तर मी स्विस म्हटलं असतं. तिथे मधलं भोक काट्यांचं, बाजूचं चावी देण्याचं.

निळीशाई

उघडलं! जीभ दाबली आणि यंत्र सहज बाहेर आलं. टोपण आणि चंद्रकोर, दोन्ही आहेत. आत लंडनचं नाव कोरलंय, आणि यंत्रावरचा नंबर केसवरच्या नंबराशी तंतोतंत जुळतो. यंत्रातली साखळी सगळी गोल डब्यावर गुंडाळलेली आहे, बाजूच्या शंकूवर नाही. बॅलन्सच्या (मागेपुढे झुलणाऱ्या चाकाच्या) मधोमध काचेसारखा खडा चमकतोय. खुंटीचा एक कोपरा किंचित घासलाय, बाकी तीन धारदार.

कमान

नंबर जुळला म्हणजे मूळ जोडी असण्याची शक्यता चांगलीच. कोरलेलं नाव बहुधा विकणाऱ्याचं असेल. कच्ची यंत्रं लँकशरच्या प्रेस्कॉटला बनायची आणि पुढचं काम लंडन, कॉव्हेंट्रीत व्हायचं, त्यामुळे एका नावामागे खूप हात असतात.

साखळी डब्यावर आहे म्हणजे चावी पूर्ण उतरलेली. उत्तम, पण डब्यातल्या कमानीत (स्प्रिंगमध्ये) थोडा ताण तरीही राहतोच. तो शंकू म्हणजे फ्युझी. कमानीचा जोर कमी होत गेला तरी चाकांवरची ओढ सारखी राहावी म्हणून तो आकार. खडा बऱ्याचदा खरा हिरा असतो, तो पुसायला जाऊ नका.

आता फक्त एक पाहा. दोन प्लेटांच्या फटीतून बाजूने डोकवा. चाकांची गती रोखून सोडणारी यंत्रणा कुठल्या प्रकारची ते त्यावरून कळेल: मुकुटासारखे दात असलेलं चाक कडेवर उभं दिसलं तर व्हर्ज. सगळी चाकं आडवी असतील तर, सेकंदाचा काटा लक्षात घेता, लिव्हर असावं.

निळीशाई

सगळी आडवी आहेत.

कमान

मग बहुधा लिव्हर. टोपण परत लावा, चंद्रकोर सरकवा आणि असंच ठेवा. फ्युझीवर काम करणारा माणूस सापडला की आधी त्याला साखळी दाखवा.