जुनं शहर, आगगाडी आणि घरची माणसं : युरोपातल्या एका दिवसाच्या सहलींचे अनुभव

माझी आई तीन महिन्यांसाठी रत्नागिरीहून ब्रसेल्सला आमच्याकडे आली आहे. वय बहात्तर, डावा गुडघा दुखरा. मुलगी चार वर्षांची. शनिवारी सकाळी आगगाडीने ब्रुज या बेल्जियममधल्याच जुन्या शहरात जायचं आणि रात्री मुक्कामाला घरी परतायचं असं मनात आहे. पाहण्यासारखं काय काय आहे याच्या याद्या ढिगाने मिळतात. पण आईचा गुडघा आणि मुलीची दुपारची झोप सांभाळून त्यातलं प्रत्यक्षात किती होतं, हे कुठेच सापडत नाही.

म्हणून विनंती करते. आई-वडील, सासू-सासरे, मुलं यांना घेऊन युरोपातल्या जुन्या शहरात आगगाडीने दिवसभर जाऊन आला असाल, तर इथे लिहा. काय जमलं ते लिहा, आणि काय फसलं ते तर आवर्जून लिहा. शहर कुठलंही चालेल. (वेगवेगळ्या वाचकांनी लिहिलेले अनुभव खाली एकेक करून दिले आहेत.)

म्युनिकहून साल्झबुर्ग

आम्ही पाच मोठे आणि माझी दोन मुलं. बायर्न तिकीट, म्हणजे जर्मनीतल्या बायर्न राज्याचं दिवसभराचं तिकीट, काढलं. एका तिकिटावर पाच जण जाऊ शकतात आणि पंधरा वर्षांखालची स्वतःची मुलं किंवा नातवंडं फुकट. ऑस्ट्रियात असूनही साल्झबुर्गच्या मुख्य स्थानकापर्यंत ते चालतं. मात्र फक्त प्रादेशिक गाड्यांना, आणि सोमवार ते शुक्रवार सकाळी नऊनंतरच. वेगवान गाडीत चुकून चढू नका. साध्या गाडीला पावणेदोन-दोन तास लागतात, पण ते सत्कारणी लागतात. जाताना उजव्या हाताला आल्प्सचे डोंगर आणि प्रीन गेल्यावर डावीकडे कीमझे तलाव. म्हणून आम्ही आजी-आजोबांना समोरासमोरच्या खिडक्या दिल्या.

सासरे मूळचे साताऱ्याचे, अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी वाढलेले. मोझार्टचं जन्मघर (गेट्रायडेगासं ९) त्यांनी बाहेरूनच पाहिलं आणि सरळ गडाकडे बोट दाखवलं. होहेनझाल्झबुर्ग या गडाचं बांधकाम १०७७ साली सुरू झालं. वर जायला १८९२ पासून दोरावर ओढली जाणारी छोटी गाडी आहे, त्यामुळे सासूबाईंनाही वर नेता आलं. वर पोचल्यावर सासऱ्यांनी पहिला प्रश्न विचारला, "पाणी कुठलं?" आतल्या चौकातलं टाकं दिसेपर्यंत ते तटबंदीकडे वळले नाहीत. मग नातवाला शेजारी उभं करून समजावलं, गड बघायचा तर आधी पाणी, मग धान्याची कोठारं, मग दरवाजा. माझ्या मुलाने त्याआधी पाचसहा किल्ले पाहिले होते. पण 'बघितला' म्हणावा असा हा पहिलाच.

आता फसलेलं. पासपोर्ट घरी राहिले होते. परतीच्या वाटेवर जर्मनीत शिरताना गाडीत तपासणी होते, हे आम्ही धरलंच नव्हतं. मोबाइलमधले फोटो दाखवून सुटलो, पण सासूबाईंचे हात थरथरत होते ते अजून डोळ्यांसमोर आहे. पाहुण्यांचे मूळ पासपोर्ट बरोबर असूच द्या.

माद्रिदहून टोलेडो

अंतर सत्तर-पंचाहत्तर किलोमीटर, अतोचा स्थानकातून जेमतेम अर्धा तास. गाडीत चढण्याआधी विमानतळासारखं सामान तपासतात, तेव्हा वीस मिनिटं आधी पोचा. आम्ही जायचं तिकीट काढलं आणि परतीचं 'तिथे गेल्यावर बघू' म्हणून ठेवलं. रविवार होता. संध्याकाळी पाचला बघितलं तर सगळ्या गाड्या भरलेल्या. या गाडीला उभ्याने प्रवास नाही, जागा असेल तरच तिकीट. शेवटी बसने आलो. मुलं पेंगलेली, हातात पिशव्या, त्यात बसस्थानक शोधायचं. परतीचं तिकीट आधीच काढा, हे मी हात जोडून सांगते.

शहर उंच टेकडीवर आहे आणि ताहो नदीने त्याला तिन्ही बाजूंनी वेढा घातलाय. चढ पाहून घाबरू नका, खालून वर नेणारे सरकते जिने आहेत. पण वर गेल्यावर गल्ल्या दगडी आणि उताराच्या. बाबागाडीचा उपयोग नाही, लहान बाळ असेल तर झोळीतच घ्या.

आम्ही दिवसभरात तीनच जागा केल्या. त्यातल्या एकीबद्दल लिहिते. सांतो तोमे चर्चमध्ये एल ग्रेकोचं एक चित्र आहे, काउंट ऑर्गाझच्या दफनाचं, १५८६ ते १५८८ या काळातलं. जवळजवळ पाच मीटर उंच. वर स्वर्ग, खाली काळ्या पोशाखातली गंभीर माणसं. माझा नऊ वर्षांचा मुलगा कंटाळणार हे मी धरून चालले होते. चित्रात खाली डावीकडे एक मुलगा आहे, आपल्याकडे बघत बोटाने मृताकडे खूण करणारा. तो चित्रकाराचाच मुलगा. त्याच्या खिशातून डोकावणाऱ्या रुमालावर १५७८ हे त्याचं जन्मसाल लिहिलंय. हे सांगितल्यावर लेकाने बोटांवर हिशेब केला आणि हळूच म्हणाला, "म्हणजे हा माझ्याएवढा आहे." मग तो तिथून हलेना. मागची माणसं पुढे गेली, हा आपला त्या मुलाकडे बघत उभा. घरी येऊन त्याने काढलेलं चित्र आमच्या फ्रिजवर आहे. सगळे मोठे काळ्या रंगात, आणि पुढे हाफ पँटमधला तो स्वतः.

मझापान जरूर घ्या. बदाम आणि साखर, दुसरं काही नाही. आजीला थेट बदामाची बर्फी आठवेल.

फ्लॉरेन्सहून पिसा, थोडक्यात

तासाभराचा प्रवास. दोन गोष्टी. एक, प्रादेशिक गाडीचं कागदी तिकीट चढण्याआधी फलाटावरच्या यंत्रात घालून त्यावर शिक्का उमटवून घ्यावा लागतो. आम्ही तसेच चढलो आणि दंड भरला, चूक आमचीच. दुसरी त्याहून महत्त्वाची. आठ वर्षांखालच्या मुलांना कलत्या मनोऱ्यावर सोडत नाहीत. आमची धाकटी सहा वर्षांची. महिनाभर रोज विचारत होती, "वर गेल्यावर मनोरा हलेल का?" दारात तिला 'नाही' सांगताना माझाच गळा दाटून आला.

थोरली बाबांबरोबर वर गेली आणि मी धाकटीला घेऊन समोरच्या बाप्तिस्मागृहात शिरले. गोल, उंच आणि जवळपास रिकामी वास्तू. थोड्या वेळाने तिथल्या एका कर्मचारी बाईंनी दारं लावून घेतली, मध्यभागी उभ्या राहिल्या आणि एकच स्वर लावला. तो विरायच्या आत दुसरा, मग तिसरा. एकट्या बाईच्या गळ्यातून आख्खा मेळ गातोय असं वाटत होतं. लेकीने माझा हात घट्ट धरला होता. ठरावीक वेळाने ते असं गाऊन दाखवतात. मनोऱ्याच्या नादात बहुतेक जण तिकडे फिरकत नाहीत. तुम्ही मात्र चुकवू नका.

कलोन, चार तासांत

आम्ही मुद्दाम गेलो नव्हतो, गाडी बदलायची होती. सामान स्थानकातल्या कप्प्यांत टाकलं आणि बाहेर आलो, तर कॅथेड्रल समोरच! चालायचा प्रश्नच नाही. ज्येष्ठांसाठी याहून सोयीची जागा मला माहीत नाही. १२४८ साली सुरू केलेलं काम सोळाव्या शतकात थांबलं, दक्षिणेच्या अर्ध्या मनोऱ्यावर लाकडी क्रेन शतकानुशतकं तशीच उभी राहिली आणि काम पुरं झालं ते १८८० मध्ये. हे ऐकून माझे वडील बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "नकाशा सांभाळून ठेवणाऱ्याला नमस्कार." ते पाटबंधारे खात्यात होते.

लंडनहून यॉर्क

अण्णा, म्हणजे माझे वडील, कुर्डुवाडीच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये फिटर होते. बार्शी लाइट रेल्वेची अडीच फुटी लाइन, तिची इंजिनं. आमच्या घरात अण्णांच्या कपड्यांना कायम तेलाचा वास असायचा आणि लहानपणी मला त्याची लाज वाटायची. हे आज पहिल्यांदाच लिहितोय.

अण्णा लंडनला आले तेव्हा राजवाडा, पूल, मोठं घड्याळ, सगळं दाखवलं. ते 'छान आहे' म्हणत राहिले. मग किंग्ज क्रॉसहून यॉर्कची गाडी धरली, दोन तासांत पोचलो. तिथल्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयाला प्रवेश फुकट आहे आणि ते स्थानकापासून चालत काही मिनिटांवर. मोठ्या दालनात मधोमध इंजिनं फिरवायची गोल चकती आहे. जुनी लोकोशेडच होती ती. अण्णा दारात थांबले, चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "शेड आहे ही."

तिथे मॅलार्ड आहे. निळं, पुढून निमुळतं इंजिन. ३ जुलै १९३८ रोजी त्याने ताशी १२६ मैल, म्हणजे सुमारे २०३ किलोमीटर वेग गाठला. वाफेच्या इंजिनाचा तो जागतिक विक्रम आहे. मी पाटी वाचून दाखवत होतो, पण अण्णांचं लक्ष नव्हतं. ते वाकून चाकांच्या मागे बघत होते. "तीन सिलिंडर आहेत. मधल्याचं बेअरिंग तापत असणार. हात पोचत नाही तिथे."

तिथले एक वयस्क स्वयंसेवक जवळ आले. मी अण्णांचं म्हणणं इंग्रजीत सांगितलं. ते गृहस्थ अण्णांकडे बघतच राहिले. विक्रमाच्या धावेत नेमकं मधलंच बेअरिंग तापलं होतं आणि त्यानंतर इंजिन कसंबसं पुढे न्यावं लागलं. ते तापलं तर ड्रायव्हरला कळावं म्हणून त्यात बडीशेपेच्या उग्र वासाची कुपी बसवलेली असायची, कुपी फुटली की वास सुटे. हे भाषांतर करून सांगितल्यावर अण्णा खुलले. मग हात आणि खुणांनी दोघांचं जे सुरू झालं, त्यात माझी गरजच उरली नाही. बेअरिंगमध्ये पांढरा धातू कसा ओतायचा, तापलंय का हे हाताच्या पालथ्या बाजूने कसं बघायचं, अण्णा हवेत करून दाखवत होते आणि ते गृहस्थ प्रत्येक खुणेला मान डोलावत होते. माझी मुलगी शेजारी उभी राहून आजोबांचे हात बघत होती.

यॉर्क मिन्स्टर हे कॅथेड्रल, तटबंदी, शॅम्बल्स गल्लीतली वाकलेली घरं, सगळं राहिलं. पाच तास आम्ही संग्रहालयातच होतो. परतीच्या गाडीत डॉनकास्टर आलं. मॅलार्ड तिथेच बांधलं गेलं. अण्णा खिडकीशी सरकले आणि गाडी सुटेपर्यंत बाहेर बघत राहिले, फलाट, फलाटामागचे रूळ.

अण्णा मागच्या वर्षी गेले. ताई, आईला काय बघायचंय ते आधी आईलाच विचारा. मी लंडनचे चार दिवस न विचारताच घालवले.

ब्रुजहून परत आल्यावर

सगळ्यांना मनापासून धन्यवाद. यॉर्कचा अनुभव आईला वाचून दाखवला. डोळे पुसत म्हणाली, "मला गर्दी नको, उंच नको. बसता येईल आणि कुणी हाकलणार नाही असं काहीतरी दाखव."

म्हणून ८३ मीटर उंचीचा घंटामनोरा आणि त्याच्या ३६६ पायऱ्या आधीच यादीतून काढल्या. तासाभरात ब्रुजला उतरलो. सगळे स्थानकावरून थेट मोठ्या चौकाकडे निघतात, आम्ही तळ्याच्या बाजूने बेगाइनहोफ या जुन्या वसाहतीकडे गेलो. दहा-बारा मिनिटांची वाट, तीही आईच्या चालीने. छोटा पूल, कमान आणि आत उंच झाडांभोवती पांढरी घरं. पुलाच्या अलीकडे कालव्यातल्या बोटींचा गलबला होता, कमानीच्या आत आल्यावर तो थांबला.

ही वसाहत १२४५ साली स्थापन झाली. लग्न न केलेल्या किंवा विधवा झालेल्या बायका इथे एकत्र राहत. त्या देवाधर्मात असत, पण त्यांच्यावर जन्मभराची शपथ नव्हती, कुणाला लग्न करून जायचं असेल तर ती जाऊ शके. लोकर, शिवणकाम, आजाऱ्यांची सेवा, यांवर स्वतःचं पोट भरत. आता तिथे बेनेडिक्टाइन पंथाच्या ख्रिस्ती जोगिणी राहतात.

आई बाकावर बसली. लेक मांडीवर डोकं ठेवून झोपली. बऱ्याच वेळाने आई तिच्या आत्याबद्दल बोलायला लागली. अकराव्या वर्षी विधवा झालेली, लाल आलवणातली आत्या. मी तिच्याबद्दल फक्त नाव ऐकून होते. पहाटे सगळ्यांच्या आधी उठून चुलीशी बसायची, माणसं जेवून उठली की जेवायची, आणि माजघरात स्वतःची अशी एक ट्रंक सोडून तिच्याकडे काही नव्हतं. "कर्व्यांनी हिंगण्याला आश्रम काढला होता, पण हिला कोण नेणार? इथे बघ, एकेकीला घर होतं. दाराला कडी होती." समोरच्या पांढऱ्या घराच्या दाराकडे ती बोलता बोलता बघत होती.

दोन तास आम्ही तिथेच होतो. डब्यातल्या दशम्या आणि लिंबाचं लोणचं त्या बाकावरच खाल्लं, अगदी हळू आवाजात. नंतर बसने चौकात जाऊन आलो, लेकीने वाफल खाल्लं. माईकेलअँजेलोची मेरी आणि बाळ असलेलं चर्च बाहेरूनच पाहिलं, कारण गुडघा बोलायला लागला होता. स्थानकावरच्या शौचालयासाठी सुटी नाणी जवळ ठेवा.

परतीच्या गाडीत आईने विचारलं, "ती कमान संध्याकाळी बंद करतात ना?" म्हटलं, हो, साडेसहाला. "मग पुढच्या शनिवारी सकाळची गाडी धरू. आणि या वेळी माझं विणकाम आठवणीने घे."